आईबरोबर गायरानात

गेल्या वर्षी आषाढात आईला आणि मुलीला घेऊन तीन दिवस गावी जाऊन आलो. आमचे गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. घरात लग्न नव्हते, मयत नव्हती, की जमिनीच्या वाटणीचे काम नव्हते. आम्ही गेलो ते रानातल्या भाज्या ओळखायला. दुसऱ्या शनिवारला जोडून सोमवारची किरकोळ रजा टाकली आणि अर्जात 'घरगुती कारण' असे लिहिले. खरे कारण लिहिले असते तर साहेबांनी अर्ज दोनदा वाचला असता.

निमित्त झाले ते मुलीचे. ती नववीत आहे. शाळेत तिला दहा रानभाज्यांची माहिती लिहून आणायला सांगितली होती. तिने कुठूनतरी चित्रे मिळवून चिकटवली आणि सहज आजीला विचारले, "आजी, तुला यातल्या किती येतात?" आई बोटांवर मोजू लागली. दोन्ही हातांची बोटे संपली, पुन्हा सुरुवात केली, तेवीसपर्यंत गेली आणि थांबली. म्हणाली, "नुसती नावं सांगून काय व्हतंय बाई? पान हातात घेतल्याबिगर भाजी कळत नाय. माझ्यासंगं रानात चल, मंग दावते."

मी शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मान वर करायचा धीर झाला नाही. कारण आमच्या घरात रानातली भाजी शिजत नाही याला कारण मीच होतो.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. आईने डब्यात बाजरीची भाकरी आणि तरोट्याची भाजी दिली होती. डबा उघडल्यावर वर्गातला एक मुलगा नाक दाबून म्हणाला, "ह्यांच्या घरी गुरांचा पाला खात्यात." सगळी पोरे हसली. मी डबा तसाच बंद केला. घरी येऊन आईला म्हणालो, "पुन्हा ही भाजी दिलीस तर शाळेत जाणार नाही." आई काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने तरोटा चुलीवर चढवला नाही. पुढे मी बी. कॉम. झालो, नोकरी लागली, कल्याणला बिऱ्हाड केले, आईला आणले. तीस वर्षे गेली. तिने ती भाजी केली नाही आणि मीही विषय काढला नाही.

म्हणून मुलीने आजीचा हात धरून "बाबा, जाऊ या ना" म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

शनिवारी पहाटे कल्याणहून एस. टी. धरली. मुरबाड मागे पडले आणि टोकावड्यानंतर सह्याद्री समोर उभा राहिला. रस्त्याच्या कडेला ठाकर आणि कातकरी बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. करटोली होती, कुर्डूच्या जुड्या होत्या, भारंगीची पाने होती, टाकळ्याचे वाटे होते. आईने खिडकीतून पाहिले आणि म्हणाली, "अगं, ह्यो तर तरोटा!" कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तोच आमचा तरोटा. आमच्या चाळीतल्या महाडच्या वहिनी तो फणसाच्या आठळ्या घालून करतात आणि वर खोबरे पेरतात. आमच्याकडे ना फणस ना नारळ. आम्ही शेंगदाण्याचे कूट घालतो. भाजी एकच, फक्त माहेर वेगळे.

माळशेज घाटात धुके इतके होते की ड्रायव्हरने दिवे लावले. घाट चढून ओतूर, आळेफाट्याकडे आलो की पावसाचा जोर ओसरतो. टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत अहिल्यानगर येईपर्यंत आकाश मोकळे झाले होते. घाटाखाली भाताच्या खाचरात गुडघाभर पाणी, आणि इकडे बाजरी वीतभर वाढून पुढच्या पावसाची वाट पाहत उभी. एकाच रस्त्यावर अशी दोन राने आहेत. कोकणात पाऊस भरवशाचा, त्यामुळे भाज्या शंभर प्रकारच्या. आमच्या बालाघाटावर पाऊस बेभरवशाचा. तिथे जे उगवते ते काटक, थोड्या ओलीवर जगणारे. माणसेही तशीच.

अहिल्यानगरला गाडी बदलली. कडा, आष्टी, मग जामखेड. जामखेड आल्यावर मुलीला सांगितले, की इथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या बायका, त्यात आपल्या समाजाच्या आणि निरक्षर बायकाही कितीतरी, शिकून आरोग्य सेविका झाल्या. जे शहाणपण मोठ्या दवाखान्यात कुलपात असते ते त्यांच्या हाती आले. आई ऐकत होती. म्हणाली, "मंग आमचं शहाणपण कुणाला द्यायचं ते बी इचारा की कुणीतरी." मी गप्प बसलो. सौताडा ओलांडून पाटोद्याला उतरेपर्यंत दिवस मावळला होता.

गावात चुलते-चुलती दोघेच असतात. मुले ऊसतोडीला जातात, पण तो हंगाम दिवाळीनंतरचा. सध्या ती पुण्याकडे बांधकामावर होती. चुलतीने हातपाय धुवायला पाणी दिले आणि आईला विचारले, "माय, पोरीला तरोटा दावायला एवढ्या लांबून आलाव?" दोघी हसल्या. कुडाजवळच तरोट्याचे चार झुडुपे होती. मुलीने बॅटरीच्या उजेडात पाहिले तर सगळी पाने मिटलेली. "वाळलं का हे?" तिने विचारले. आई म्हणाली, "झोपलंय ते. संध्याकाळ झाली की पानं मिटतंय. रातच्याला त्याला हात लावू नये." तरोट्याची पाने अंधार पडला की मिटतात आणि उजाडले की उघडतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. वर्षे कशी गेली कोण जाणे.

रविवारी सकाळी सातला गायरानाकडे निघालो. रात्री बारीक सर येऊन गेली होती. आईचे गुडघे दुखतात, म्हणून चुलत्यांनी काठी दिली. पण गायरानाचा बांध ओलांडल्यावर ती काठी तिने माझ्या हातात दिली, पदराची खोळ केली आणि वाकली ती वाकलीच.

पहिला धडा तरोट्याचाच झाला. आईने दोन झुडुपे दाखवली. मला दोन्ही सारखीच वाटली. ती मुलीला म्हणाली, "पानं मोज." मुलीने मोजले. एका देठावर पानांच्या तीन जोड्या होत्या, सहाही पाने टोकाला गोल. दुसऱ्या देठावर पाच जोड्या, आणि पाने टोकाला निमुळती. "गोल ते आपलं. टोकाचा तो कासविंदा. तो न्हाई घ्यायचा." हा फरक नुसता चवीचा नाही. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ल्याने त्यांच्या यकृतावर आणि मेंदूवर परिणाम होऊन मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी शोधून काढले आहे. आईने ते वाचलेले नाही. तिला तिच्या आईने पाने मोजायला शिकवले होते, एवढेच.

तरोट्याचा कोवळा शेंडा तेवढा खुडायचा. पिवळे फूल आले की पान जून झाले असे समजायचे. पुढे विळ्यासारख्या वाकड्या, बारीक शेंगा येतात. त्यातले बी भाजून कुटून कॉफीसारखे पितात.

मग एकेक भाजी समोर येत गेली. बाजरीच्या कडेला कुर्डू होता. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो, पण फुलोऱ्याआधीच्या पानांची भाजी अंबाडीच्या तोडीस तोड. पाथरी जमिनीला चिकटून पसरलेली होती. पान तोडले की दूध येते आणि किंचित कडू लागते. ती शिजवायची नाही, धुऊन कच्चीच भाकरीबरोबर खायची. ओलसर जागी केना होता, त्याच्या निळ्या फुलावरून मुलीने तो नंतर लांबूनच ओळखला. केन्याची भजीही करतात. घोळ आणि चिघळ या दोघी बहिणी, थोरलीचे पान मोठे आणि धाकटीचे बारीक, दोन्ही आंबट. आघाड्याची कोवळी पाने घ्यायची. नंतर त्याची बोंडे लुगड्याला चिकटून घरापर्यंत येतात. तांदुळजा आणि काटेमाठ तर सगळ्यांना माहीत आहेत.

बाभळीच्या जाळीत करटुल्याचा वेल चढला होता. फुले पिवळी, पण फळ एकही नव्हते. मी म्हटले, "हा वांझ दिसतो." आई म्हणाली, "वांझ नव्हं, नर हाय. जवळच मादी असंल, हुडक." खरोखरच पाच-सहा हातांवर दुसरा वेल होता आणि त्याला बोटाएवढी काटेरी फळे लागली होती. करटुल्यात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा असतो. वेल पावसाळ्यानंतर सुकतो, पण कंद जमिनीत राहतो आणि पुढल्या मृगात पुन्हा फुटतो. लोभापायी कोणी कंद उपटला, किंवा नर वेल निरुपयोगी समजून तोडला, तर ती जाळी कायमची रिकामी होते. याच करटुल्यांचा पावशेर मी कल्याणला साठ रुपयांना घेतला होता.

गायरानाच्या खालच्या अंगाला सोयाबीनचे शेत लागून आहे. तिथल्या बांधावर तरोटा हिरवागार दिसत होता. मुलगी धावत गेली. आईने तिथूनच ओरडून थांबवले. "त्याला हात लावू नगं! पानाच्या कडा बघ." कडा पिवळ्या पडून आत वळल्या होत्या. शेजारच्या शेतात तणनाशक फवारले होते आणि वाऱ्याने ते बांधावर आले होते. चुलती म्हणाली, की आता निंदायला बाया कुणी लावत नाही, पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत फवारणी होते. एका फवाऱ्यात बायांचा रोजही गेला आणि बांधावरची भाजीही गेली. शेतकऱ्याला तरी काय दोष द्यावा? निंदणीची मजुरी त्याला परवडत नाही. पण नुकसान कोणाच्या खाती पडले हे कोणी मांडत नाही. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, म्हणून ही नोंद इथे करून ठेवतो.

दम लागला म्हणून आम्ही लिंबाखाली बसलो. मुलीने विचारले, "आजी, तुला एवढं सगळं कधी शिकायला मिळालं?" तेव्हा आईने १९७२ सांगितले. तुकड्या-तुकड्यांनी तिने ते आधीही सांगितले होते, पण मी कधी पूर्ण ऐकले नव्हते.

त्या वर्षी ती सतरा वर्षांची होती. लग्न व्हायचे होते. पाऊस गेला, विहिरी आटल्या. घरची सगळी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खायला सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. "एकदा नुसता शिडकावा झाला. पीक उगवलं न्हाई, पण ह्या गायरानात तरोटा उगवला. पहाटं अंधारात बाया निघायच्या. माझी आय म्हणायची, शेंडा खुडा, मूळ उपटू नका. आपल्या मागं बी कुणीतरी येतंय." आठ दिवसांनी पुन्हा फुटवा येई आणि पुन्हा तीच बायांची रांग. धान्य संपल्यावर नुसता उकडलेला तरोटा खाऊन धाकट्या मामाला जुलाब लागले आणि तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. आई मुलीला म्हणाली, "भाकरीसंगं खाल्ली तर ती भाजी, बाई. भाकरीच्या जागी खाल्ली तर तो उपासच."

हे वाक्य मी मुद्दाम लिहून घेतले. आजकाल रानभाज्यांचे फार कौतुक चालले आहे. २०२० पासून कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, आणि त्यातून बायांना चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांनी ही भाजी नाइलाजाने खाल्ली त्यांच्या भुकेला कोणी चवीचे नाव देऊ नये.

दुसरी गोष्ट आपली आपल्यात बोलण्याची आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा असे आपल्या बापजाद्यांना सांगितले आणि त्यांनी ते सोडले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. दुसऱ्याने टाकलेले आपण खाणार नाही, हा त्याचा अर्थ. पण पुढे माझ्यासारख्या शिकलेल्या पोरांनी गल्लत केली. जे जे गरिबीत खाल्ले ते सगळेच लाजेचे, असे आम्ही धरून बसलो. तरोटा कोणी टाकलेला नव्हता, कोणी वाढलेला नव्हता. तो माझ्या आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने, पाने मोजून आणलेला होता. त्यात लाजण्यासारखे काय होते? लाज वाटायलाच हवी होती तर ती नाक दाबणाऱ्याला वाटायला हवी होती.

तिसरी गोष्ट गायरानाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गुरचरणासाठी राखून ठेवलेली ही जमीन. ज्याच्याकडे तुकडाही जमीन नाही त्याच्या सरपणाची, शेळीची आणि भाजीची हीच एक जागा. याच भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह केला आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. आमच्या चुलत्यांनी १९८० च्या सुमारास यातलेच दोन एकर दगड वेचून वहितीला आणले. त्यांची नोंद 'एक ई'च्या रजिस्टरला आहे, सातबाऱ्यावर मात्र नाव नाही. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, पण त्याच निकालात शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. चुलत्यांचा अर्ज मीच लिहिला आहे, पोच माझ्या फायलीत आहे, उत्तर अजून आलेले नाही.

आता गावात बोलले जाते, की उरलेले गायरान सौर वीज प्रकल्पाला जाणार. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्यात ठिकठिकाणी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण कागदावर ती जमीन 'पड' दिसते. त्या सकाळी दोन तासांत तिथे आम्हाला अकरा भाज्या मिळाल्या, त्याची नोंद कोणत्या रकान्यात आहे? जागा ठरवण्याआधी ग्रामसभेत या बायांना कोणी विचारावे, एवढेच मागणे आहे. तसा अर्जही चुलतीच्या आणि वस्तीतल्या एकोणीस बायांच्या सह्या-अंगठ्यांनी सोमवारी ग्रामपंचायतीत देऊन आलो.

रविवारी दुपारी आईने चुलतीच्या चुलीवर तरोटा केला. मुलीने शेंडे निवडले, चुलतीने भाकरी थापल्या. तीच भाजी, तोच उग्र वास. ताट समोर आले तेव्हा आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला नगं असंल तर वरण हाय." मी दोन भाकरी खाल्ल्या आणि आणखी भाजी मागितली. तीस वर्षांपूर्वीच्या डब्याबद्दल दोघेही काही बोललो नाही. तिने वाढले आणि मी खाल्ले.

परतीच्या गाडीत मुलीच्या वहीत अकरा पाने वाळत घातलेली होती. प्रत्येकाखाली तिने नाव लिहिले होते आणि त्याखाली 'शिकवणार' असे लिहून आजीचे नाव. शाळेत तिला किती गुण मिळाले ते मी विचारले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी आई, आजी, मावशी आहे. तिला दवाखान्यात नेता, कार्यक्रमाला नेता, तसे एकदा पावसाळ्यात रानातही न्या. सोबत मुलांना घ्या. वही-पेन विसरू नका.

करून पाहा : तरोट्याची भाजी

कोवळे शेंडे निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत आणि चिरावेत. वास उग्र वाटत असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून पिळून घ्यावेत. तेलात भरपूर ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतून चिरलेला कांदा घालावा. तासभर भिजवलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ मूठभर घालून झाकण ठेवावे. डाळ अर्धी शिजली की भाजी आणि मीठ घालावे. उतरवताना शेंगदाण्याचे कूट पेरावे. बाजरीच्या भाकरीबरोबर चांगली लागते.

सांभाळा : जाणत्या माणसाने हातात घेऊन ओळखल्याशिवाय कोणतीही रानभाजी खाऊ नये. फवारलेल्या शेताच्या बांधावरची, मोठ्या रस्त्याच्या कडेची आणि गटाराजवळची भाजी तोडू नये. नवी भाजी पहिल्यांदा थोडीच खावी. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ, चिघळ टाळावी. आणि शेंडा खुडावा, मूळ उपटू नये. आपल्या मागून कोणीतरी येत असते.